माईक दुसऱ्याच्या हातात असतो

चौदा वर्षं मी टीव्हीसाठी विनोद लिहिते आहे, आणि त्यातली अकरा वर्षं पुरस्कार सोहळ्यांच्या संहिता. सांगलीला घरी गेले की आत्या हमखास विचारते, "पण स्टेजवर ते दोघं बोलतात ते त्यांचं त्यांनाच सुचतं ना गं?" काही वेळा सुचतं, आणि ज्यांना असं ऐन वेळी सुचतं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण चार तासांचा सोहळा आयत्या वेळी सुचण्यावर निघत नाही. कुणीतरी दीड महिना आधीपासून बसून ते लिहिलेलं असतं. ते कसं लिहितात आणि त्यात एकदा माझ्या हातून काय झालं, हे कधीतरी लिहून काढायचं होतं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीत, त्यामुळे आमच्याकडे घराघरात कुणी ना कुणी तोंडाला रंग लावलेला असतो. मला मात्र रंग लावायचा नव्हता. पुण्यात कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या ग्रुपची एकांकिका मी लिहिली. भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी छत डोक्यावर आलं होतं, आणि मी विंगेत उभी राहून फक्त प्रेक्षकांचे आवाज ऐकत होते. ज्या वाक्यावर आम्ही महिनाभर तालमीत हसत होतो, तिथे सन्नाटा. आणि "मग मी चहा ठेवते" या साध्या वाक्यावर हशा, कारण त्याआधी नटीनं एक क्षण जास्त थांबून नवऱ्याकडे बघितलं होतं. आम्ही पुढच्या फेरीत गेलो नाही. पण तो हशा कुठून आला, हा प्रश्न डोक्यात बसला तो अजून तिथेच आहे.

मुंबईत आले ती २०११ साली. दहिसरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली, आणि काशिमिऱ्याच्या एका स्टुडिओत विनोदी कार्यक्रमाच्या लेखकांच्या टीममध्ये सगळ्यात धाकटी म्हणून जागा. टीमच्या प्रमुखांना सगळे दादा म्हणायचे. माझं पहिलं प्रहसन त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि एका वाक्यावर थांबले. मी लिहिलं होतं: "आमच्या सोसायटीत भिंतीतून चोवीस तास पाणी येत असतं." दादा म्हणाले, "यात गंमत कुठल्या शब्दात आहे?" मी म्हटलं, भिंतीतून. "मग तो शब्द पोटात का लपवलास?" त्यांनी पेन्सिलनं खाली लिहिलं: "आमच्या सोसायटीला चोवीस तास पाणी आहे. भिंतीतून."

हे मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. हशा आधीच्या शब्दाला आला, तर 'आहे', 'असतं', 'येतं' हे सगळं हशात बुडतं. ते ऐकू जावं म्हणून नटानं जोर लावला, तर हशा मरतो. म्हणून क्रियापद आधीच उरकून घ्यायचं, किंवा मग क्रियापदातच गंमत भरायची. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या हेच तर करत आला: समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि त्याचा दुसराच अर्थ त्याच्या पदरात टाकायचा. आजही पंच, म्हणजे हशाची ओळ, लिहिला की मी तो उभी राहून मोठ्यानं म्हणते. बसून लिहिलेलं वाक्य उभ्या माणसाच्या तोंडी कसं लागतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रहसनाचं काम म्हणजे रतीब. रविवारी विषय, मंगळवारपर्यंत पहिला खर्डा, मग वाचन, तालीम, दोन दिवस शूटिंग, एका दिवसात तीन-तीन प्रहसनं. तालमीत कलाकार अ‍ॅडिशन घेतात, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य स्वतःच घालतात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मग कळलं की चांगला नट तुमच्या वाक्यातली फट शोधून तिथेच अ‍ॅडिशन घेतो, म्हणजे ती फट माझीच असते. मी वहीत नोंदी ठेवायला लागले: कुणाला लांब वाक्य झेपतं, कोण श्वास कुठे घेतं, कुणाची जीभ 'ज्येष्ठश्रेष्ठ'वर अडखळते. ती वही आज माझी सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

पैशांचंही सांगते, कारण नवीन मुलं विचारतात आणि कुणी नीट सांगत नाही. करारात मानधन ९० दिवसांनी लिहिलेलं असतं आणि ते ९० दिवस बिल दिल्यापासून मोजायचे की प्रक्षेपणापासून, हे सही करण्याआधी वाचायचं. दहा टक्के टीडीएस कापला जातो, त्यातला जादा असेल तो विवरणपत्र भरून मागून घ्यायचा. एका निर्मिती संस्थेनं माझ्या अकरा भागांच्या श्रेयनामावलीतून माझं नाव गाळलं होतं. विचारलं तर "पट्टी भराभर जाते, कोण वाचतं" असं उत्तर आलं. माझी आई वाचते. ती टीव्हीसमोर चष्मा लावून थांबायची. तेव्हा एका वकील मैत्रिणीनं मला प्रताधिकार कायद्याचं, १९५७ च्या कायद्याचं, कलम ५७ वाचून दाखवलं: हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा लेखकाचा हक्क त्याच्याकडेच राहतो. त्यानंतर श्रेयाचा मुद्दा मी करारात आधी बघते आणि रक्कम नंतर. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं, आणि पाठवायच्या आधी प्रत्येक संहिता तिथे नोंदवते. नोंदणीची पावती दिसली की समोरच्याची बोलण्याची पद्धत बदलते, हे मी अनुभवलंय.

पुरस्कार सोहळ्याचं काम २०१४ मध्ये आलं. प्रहसन लिहिणाऱ्याला वाटतं हे सोपं, दोन ओळी तर लिहायच्या. प्रत्यक्षात आधी एक तक्ता हातात येतो, त्याला सगळे फ्लो म्हणतात. मिनिटागणिक काय काय होणार ते त्यात: सुरुवातीचा नाच, सूत्रसंचालकांची एन्ट्री, पहिला विभाग, प्रहसन, प्रायोजकाचा पुरस्कार, पुन्हा विभाग. दोन गोष्टींना जोडणारं बोलणं म्हणजे लिंक. लिंकला वेळ वीस ते चाळीस सेकंद. तेवढ्यात मागचा सेट हलवायचा असतो, नाचाचे कलाकार विंगेत यायचे असतात, आणि प्रेक्षकाला यातलं काही जाणवता कामा नये. लिंक लवकर संपली तर पडद्यामागं धावपळ उघडी पडते. म्हणून प्रत्येक लिंकला मी एक शेपटी लिहून ठेवते, स्टँडबाय म्हणून. फ्लोअर मॅनेजरनं हात फिरवला की सूत्रसंचालकानं ती घ्यायची, नाहीतर सोडून द्यायची. शेपटी अशी हवी की गाळली तरी कुणाला कळू नये.

विजेत्यांची नावं माझ्याकडे नसतात. विजेता खुर्चीतून उठून स्टेजवर पोचेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात, आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, "गावाकडची मुलगी ते घराघरातली लाडकी..." वगैरे. नामांकनं पाच असली तर हे पाच जणांसाठी लिहावं लागतं. चार वाया जातात. लिहिताना मात्र कुठलं वाया जाणार ते ठाऊक नसतं, त्यामुळे पाचही तितक्याच मनापासून लिहावी लागतात. मला हे आवडतं. त्या चौघांबद्दल जगात कुणीतरी चार चांगली वाक्यं लिहिलेली असतात, त्यांना कधी कळणार नसली तरी.

अमेरिकेत हे स्वतंत्र काम मानलं जातं. तिथे विशेष कार्यक्रमांच्या लेखनालाच एमी पुरस्कार आहे. लेखकांच्या संपामुळे जानेवारी २००८ मध्ये गोल्डन ग्लोबचा सोहळा रद्द होऊन नुसत्या पत्रकार परिषदेत नावं वाचली गेली. २०२३ च्या संपात टोनी पुरस्कारांचा सोहळा संहितेशिवायच करावा लागला, सुरुवात शब्दांवाचून नाचानं झाली. ती चित्रफीत आम्ही तिघं लेखक एका तालमीच्या हॉलमध्ये मोबाईलवर बघत होतो. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एकानं ती पुन्हा सुरुवातीपासून लावली.

आता ते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

माझ्या दुसऱ्याच सोहळ्याचं वर्ष. एक मालिका चार महिन्यांत बंद झाली होती. नायिकेला दिवस गेल्याचं कथानक सुरू झालं आणि आठवड्याभरात मालिका उतरवली गेली. नायिका पहिल्या रांगेत बसणार होती. मी लिंकमध्ये लिहिलं: "सुनेला दिवस गेले, आणि मालिकेचे दिवस भरले." सगळ्या नियमांनी ते बरोबर होतं. गंमत क्रियापदात, क्रियापद शेवटी, 'गेले'ला 'भरले'. वाचनात सगळ्यांनी टेबलं बडवली. दादा त्या सोहळ्यावर नव्हते.

त्या रात्री मी कंट्रोल रूममध्ये मॉनिटरच्या भिंतीसमोर उभी होते. तिथे प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा पडदा असतो, आणि त्यातला जो निवडला तो मोठ्या पडद्यावर जातो. सूत्रसंचालकानं वाक्य टाकलं, सभागृह कोसळलं, दिग्दर्शकानं तिचा रिअ‍ॅक्शन शॉट घेतला. ती मान मागे टाकून, तोंड उघडून, टाळी देत हसली. दोन सेकंद. मग मोठ्या पडद्यावर दुसरं कुणी आलं. पण त्या कॅमेऱ्याचा माणूस तिच्यावरच थांबला होता, म्हणून छोट्या पडद्यावर ती मला दिसत राहिली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझलेला तिनं बघितला. चेहरा खाली आला. मांडीवरच्या पर्सची साखळी तिनं बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. शेजारच्या नटानं तिच्या हातावर हात ठेवला. कंट्रोल रूममध्ये माझ्या पाठीवर थापा पडत होत्या आणि मी त्या साखळीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. माफी कशी मागायची तेही मला नीट जमलं नाही. ती म्हणाली, "ताई, विनोद चांगला होता. मी घरी जाऊन आईला सांगितला. फक्त आमच्या सेटवर सव्वाशे माणसं होती हो. निम्मी अजून घरी आहेत. आमची हेअरची ताई काल माझ्याबरोबर आली होती, मागं बसली होती. ती नाही हसली."

मी वाहिनीकडे ते वाक्य प्रक्षेपणातून काढायची विनंती केली, लेखी केली. उत्तर आलं की रात्रीतला सगळ्यात मोठा हशा तोच आहे. प्रोमोमध्ये तेच वाक्य लागलं. पंधरा दिवस दर अर्ध्या तासानं लागत होतं.

लोक म्हणतील, टीव्हीवाले आहेत, त्यांना सवय असते. नसते. नाटकात किंवा प्रहसनात विनोद पात्रावर होतो. सोहळ्यात तो समोर बसलेल्या जित्या माणसावर होतो, त्याच्या खऱ्या नावानं होतो आणि वर त्याच्या तोंडासमोर कॅमेरा असतो. त्याला न हसण्याची मुभाच नसते. म्हणजे सभागृहात आलेला हशा हा पुरावा धरताच येत नाही. कॅमेरा सरकल्यावरही त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू उरलं का, एवढं बघायचं. तेव्हापासून मी दर सोहळ्यात त्या छोट्या पडद्यांसमोर उभी राहते. आणि ज्यांच्यावर ओळ लिहायची त्यांना आधी फोन करते. "तुमच्याबद्दल काय सांगितलेलं आवडेल?" असं विचारलं की लोक संकोचतात. "तुमच्या सेटवर सगळे कशावरून हसतात?" असं विचारलं की सुटतात. एका खलनायिकेनं सांगितलं की तिचा डबा सेटवर सगळे पळवतात. त्यावरून लिहिलेली ओळ फार मोठी नव्हती, पण कॅमेरा गेल्यावरही ती बराच वेळ शेजारणीला काहीतरी सांगत हसत होती.

वाहिनीच्या माणसांशी यावरून वाद होतात. रंगावर, वजनावर, मोडलेल्या लग्नावर "एक चटकदार ओळ टाका" अशी सूचना दरवर्षी येते. मी दरवर्षी नाही म्हणते आणि बदल्यात दुसऱ्या दोन ओळी देते. नुसतं नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतात.

तीन वर्षांपूर्वी एका सोहळ्यात रंगभूमीवरच्या एका बाईंना जीवनगौरव होता. चाळीस वर्षं त्यांनी मोलकरणी, शेजारणी, मावशा केल्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी गिरगावात त्यांच्या चाळीत गेले, तिसरा मजला. कांदेपोहे करून त्यांनी समोर ठेवले आणि म्हणाल्या, "थोर, तपस्विनी असलं काही लिहू नकोस गं. आपल्याच दहाव्याला बसल्यासारखं वाटतं. बसमध्ये मी कुठे बसायचे ते लिही."

दौऱ्याच्या बसमध्ये जागा ठरलेल्या असायच्या. ड्रायव्हरच्या मागे नायक-नायिका, मग वयानं मोठे, मग वादक, आणि शेवटी मागच्या चाकावर बाई आणि कपडेपट सांभाळणारी. तिथे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. बाई रात्रीच्या प्रवेशाची नऊवारी घडी करून खाली घ्यायच्या, आणि मुक्कामाला पोचल्यावर तीच झटकून नेसायच्या. "पेण आलं का सातारा आला, मला डोळे मिटून कळायचं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "खड्ड्यांचं सांगितलं तर चालेल ना?" "सांग की. खड्डे काय माझ्या एकटीचे आहेत?"

चाळीस सेकंदांची लिंक होती. मी ती अकरा वेळा लिहिली. सूत्रसंचालकानं रात्री ती जशी लिहिली तशी, एकही अ‍ॅडिशन न घेता वाचली: "दौऱ्याच्या बसमध्ये बाईंची सीट ठरलेली. मागच्या चाकावरची. पुढे बसलेल्यांना गाव कळायचं बोर्ड वाचून. बाईंना कळायचं खड्ड्यावरून." हशा आला तो उबदार होता, हसता हसता लोकांच्या माना बाईंकडे वळत होत्या. मग सूत्रसंचालक थांबला, आणि म्हणाला, "बाई, आज पुढची सीट तुमची." सभागृह उठलं. छोट्या पडद्यावर बाई शेजारच्या नातवाला कोपरानं ढोसत होत्या, बघ, माझं सांगतायत. लाल दिवा कधीच विझला होता. त्यांचं चाललंच होतं.

तीन आठवड्यांनी प्रक्षेपण झालं. लिंक आठ सेकंदांची उरली होती. बस नाही, चाक नाही, खड्डे नाहीत. नुसतंच "बाई, आज पुढची सीट तुमची", आणि उठलेलं सभागृह. ज्यांनी घरी बघितलं त्यांना ते लोक का उठले हे कळलं नसणार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी बाईंचा फोन आला. "अगं, खड्डे बुजवले की त्यांनी!" मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुझ्याकडे कागद असेल ना? वाच." मी उभी राहिले आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच सगळी लिंक वाचून दाखवली, थांबायच्या जागा सांभाळून. पलीकडून आधी काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "ते बोर्ड नको गं. आम्ही पाटी म्हणायचो. पाटी वाचून."

"पाटी वाचून," मी म्हटलं.

"हां. आता पुन्हा वाच."